पोस्टमनकाकांची सायकल

शोकसभेत पोस्टमनकाकांची मुलगी बोलायला उभी राहिली खरी, पण तिला हसूच आवरेना. सायकल येत नाही म्हणून काकांनी पस्तीस वर्षं पायपीट करत पत्रं वाटली. निवृत्तीच्या दुसऱ्याच दिवशी ते तिला म्हणाले, “पोरी, आता मला शिकव.”

तिनं मागून सीट धरली आणि नेमकी उताराच्या तोंडाशी सोडली.

“बाबा, ब्रेक दाबा!” ती ओरडत धावली. तिच्यामागे न्हावी, शिंपीणकाकू, अख्खी गल्ली धावत सुटली.

“कुणी अडवू नका रे मला!” काका खिदळत ओरडले आणि थेट भाजीवालीच्या कोथिंबिरीत जाऊन आडवे झाले. तिथूनच म्हणाले, “चल, पुन्हा वर ने.”

“तीनदा पडले मेले!” मागच्या रांगेतून भाजीवाली रडत रडत म्हणाली आणि सगळी सभा खो-खो हसत सुटली.