उपासाचा चहा

सोमवार, एक तारीख. इमर्जन्सी ट्रॉलीतली मुदत संपलेली इंजेक्शनं बाजूला काढायचं काम माझ्याकडे. अ‍ॅडिनोसिनचा डबा हातात आला की मला आमचे जुने डॉक्टर आठवतात.

"निरोप पोचला का?" हे त्यांचं वाक्य. इंजेक्शन दिलं की मॉनिटरकडे बघून, मावशींना कामाला पाठवलं की दाराकडे बघून, नातेवाइकांना समजावलं की त्यांच्या तोंडाकडे बघून, तेच.

ते बसत नसत. परभणीतल्या आमच्या छोट्या दवाखान्यात त्यांची खुर्ची शेवटपर्यंत नवी राहिली. दिवसभर खाटांमधून चपला घासत फेऱ्या. नातेवाइकांना वाटायचं, साहेबांना गाडी गाठायचीय. अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. त्यांच्याशी बोलायचं तर सोबत चालावं लागतं. मीही चालता चालताच शिकले.

आधी ते मेडिकल कॉलेजात शिकवायचे, ती सवय गेली नव्हती. एटीपी नावाचा पदार्थ पेशीच्या आत आहे तोवर सरपण, असं ते सांगायचे. पेशी ताणली, फाटली की ते बाहेर येतं, आणि बाहेर आलं की त्याचा निरोप होतो: इथं दुखतंय, धावा. मग त्याचे तुकडे पडत पडत अ‍ॅडिनोसिन उरतं. त्याचा निरोप उलटा: पुरे, दम खा. मेंदूत साचलं की झोप येते, हृदयात पोचलं की ठोके सावकाश पडतात. प्रत्येक निरोपासाठी पेशीवर दार असतं.

"आणि सिस्टर, तुमचा चहा त्या दारात फतकल मारून बसतो. निरोप्या बाहेरच उभा."

म्हणून धडधडीचा पेशंट आला की चहाचं नाव घेऊन विचारायचं, ही त्यांची सक्त ताकीद. मला तो त्यांचा छंद वाटायचा.

त्यांचा आमच्याकडचा शेवटचा दिवस श्रावणी सोमवार होता. दुसऱ्या दिवशी ते मुलीकडे कायमचे जाणार होते. आम्ही शाल-नारळ आणून ठेवलं होतं, पण ते घ्यायला बसायला हवं ना. दुपारी राणीसावरगावहून एक बाई जीपमधून आली. खुरपता खुरपता छाती उडायला लागली, ती थांबेना. ठोके मिनिटाला एकशे नव्वद. अंग घामानं ओलं, आणि हातातलं खुरपं तिनं सोडलं नव्हतं.

मी घाईत विचारलं, काही खाल्लं-प्यालं का. नवरा म्हणाला, "उपास हाय तिला. पोटात कायबी न्हाई." मी कागदावर लिहिलं: उपाशी.

डॉक्टरांनी तिला सांगितलं की घडीभर जीव जातोय असं वाटेल, घाबरायचं नाही. अ‍ॅडिनोसिनचं पहिलं इंजेक्शन झटक्यात दिलं. मॉनिटरवरची रेघ तशीच धावत राहिली. दुसरं दुप्पट दिलं. रेघ अडखळली आणि पुन्हा सुसाट. बाईला धाप लागायला लागली. शॉकचं मशीन ओढून घेतलं, तसा नवरा भिंतीला टेकला.

तेव्हा डॉक्टर थांबले. चालायचे थांबले. मी त्यांना असं उभं कधी पाहिलं नव्हतं.

"माय, सकाळपासून चहा किती झाला?"

"चहा व्हय? त्यो उपासाला चालतो की," बाई धापा टाकत म्हणाली. "पाच-सा झाले आसतील."

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं नाही. दार अडलंय, दुसऱ्या वाटेनं जाऊ, एवढंच म्हणाले आणि वेगळं औषध सावकाश सोडायला घेतलं. तेवढ्या वेळात मी तिचं मनगट धरून होते. मीसुद्धा सोमवारी चार कप चहा पिते आणि उपाशी आहे म्हणून सांगते. मला कळायला नको होतं?

ठोके अठ्ठ्याऐंशीवर आले. बाईनं डोळे मिटले. नवऱ्यानं तिच्या हातातलं खुरपं काढून घेतलं.

संध्याकाळी केसपेपरवर त्यांच्या अक्षरात ओळ दिसली: 'चहाचे विचारायचे माझ्याकडून राहिले.' मी त्यांच्यामागे व्हरांडाभर चालले. चूक माझी आहे, माझं नाव लिहा, मी म्हणाले.

"तुमचं नाव लिहून त्या बाईला काय मिळणार?" ते म्हणाले. "उद्यापासून विचारा म्हणजे झालं."

शाल त्यांनी उभ्यानंच घेतली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी लवकर आले. भरतीच्या कोऱ्या कागदांचा गठ्ठा काढला आणि 'काही खाल्लं-प्यालं का' याखाली प्रत्येक कागदावर पेनानं लिहीत गेले: चहा? उपासाचा धरून. बाकीच्या सिस्टर हसल्या. हसू दिलं. गठ्ठा संपायच्या आत चुडाव्याचे एक म्हातारबाबा छाती धरून आले.

"चहा घेतला का, बाबा?"

"न्हाई बाई, मंगळवार हाय माझा."

"बिगर दुधाचा? काळा?"

बाबांनी डोक्यावरचा पटका सारखा केला.

"त्यो घेतलाय. दोन डाव."

मी लिहिलं: दोन.