कवळीवाल्यांचा डिस्क ब्रेक

कवळीवाल्यांना घाई म्हणून कशाचीच नव्हती. धंदाच तसा. दुसऱ्याच्या तोंडात बसायचे दात घाईने केले तर ते त्याच्या तोंडाऐवजी आपल्या डोक्यात बसतात, असं ते म्हणत. दातांच्या दवाखान्याखालच्या तळघरात त्यांची खोली होती. एक लांब टेबल, प्लास्टरने कडक झालेला एप्रन, दात घासायची मोटर आणि फळीवर ओळीने मांडलेले लोकांचे जबडे. वर डॉक्टरीणबाई दात काढायच्या, खाली हे नवे करायचे. दोघांचे संबंध फार चांगले होते. एकीने काढल्याशिवाय दुसऱ्याची चूल पेटत नव्हती.

बसून बसून कवळीवाल्यांच्या रक्तात साखर वाढली. फॅमिली डॉक्टर म्हणाले, रोज चालत जा. चालायला काही पैसे पडत नाहीत, त्यामुळे त्या सल्ल्यावर कवळीवाल्यांचा विश्वास बसला नाही. नेमका तेव्हाच त्यांच्या घराच्या वरच्या मजल्यावरचा भाडेकरू जागा सोडून चालला होता. त्याने आपली माउंटन बाइक जवळजवळ फुकटात देऊ केली. जाड टायर, पुढे स्प्रिंगवाला फोर्क, आणि मोजायचा कंटाळा यावा इतके गिअर. भाडेकरूने ती मुख्यतः टॉवेल वाळत घालायला वापरली होती, म्हणून दिसायला अगदी नवी होती.

घर चढावर आणि खोली उताराच्या तळाशी, म्हणजे सकाळी जाताना पायडल मारायचं कामच नाही. पहिल्याच दिवशी रस्ता ओला होता. सायकलीचे ब्रेक जुन्या पद्धतीचे, रबराचे ठोकळे रिमवर दाबणारे. कवळीवाल्यांनी ते जिवाच्या आकांताने दाबले. ब्रेकनेही जिवाच्या आकांताने किंचाळून साथ दिली, पण थांबवण्याची जबाबदारी घेतली नाही. ती शेवटी वळणावरच्या बेकरीच्या रिकाम्या ट्रेंनी घेतली. बेकरीवाल्याने त्यांना उठवलं, ट्रे पुन्हा रचले आणि उद्यापासून ट्रे आत ठेवतो असं समंजसपणे सांगितलं.

त्या दिवशी कवळीवाल्यांनी ठरवलं, डिस्क ब्रेक बसवायचे. चांगले, पण परवडणारे. या 'पण' पाशी त्यांचं पुढचं निम्मं वर्ष गेलं.

सल्ला द्यायला मेहुणा तयारच होता. बायकोचा धाकटा भाऊ, विमा कंपनीत नोकरीला. त्याची सायकल इतकी महाग होती की ती रस्त्यावर काढणं त्याला पाप वाटे. ती हॉलमध्ये भिंतीवर टांगलेली असे आणि पाहुण्यांना तिच्याखाली बसवून चहा दिला जाई. उंटावरून शेळ्या हाकणारे पुष्कळ असतात. याने भिंतीवरून सायकल हाकली. डिस्क ब्रेकचे दोन पंथ असतात, एक केबलवाला आणि एक तेलवाला, आणि तेलवाल्याशिवाय मोक्ष नाही, असं त्याने भावजींना समजावलं. केबलवाल्यात तार ओढली की पॅड चाकावरच्या चकतीला चिमटतात. तेलवाल्यात तेच काम तेलाचा दाब करतो, पण कधी तेल बदला, कधी नळीतली हवा काढा. कवळीवाल्यांना हे म्हणजे नमनालाच घडाभर तेल वाटलं. शिवाय घड्याची किंमत ऐकून त्यांना साखरेबरोबर रक्तदाबाचीही शंका आली.

मग ते स्वतः अभ्यासाला बसले. मोबाइलवर एक गृहस्थ सांगे की स्वस्त ब्रेक म्हणजे मरणाला आमंत्रण. दुसरा तोच ब्रेक लावून डोंगरावरून खाली येऊन दाखवी. सायकलच्या दुकानदाराचा कोणताच पंथ नव्हता. जो माल दुकानात असेल तोच उत्तम, ही त्याची श्रद्धा अढळ होती. कवळीवाले सगळ्यांचं ऐकत, सगळ्यांशी वाद घालत आणि काहीच विकत घेत नसत. हळूहळू त्यांचं ज्ञान इतकं वाढलं की कवळी दुरुस्तीला येणाऱ्या म्हाताऱ्यांनाही ते चकतीचा व्यास आणि पॅडचं मटेरिअल समजावून सांगू लागले. त्यांना इतके शांत श्रोते दुसरीकडे मिळाले नसते. ज्यांचे दात टेबलावर काढून ठेवलेले असतात त्यांना उलट बोलता येत नाही.

या सगळ्या काळात सायकलीचं काय चाललं होतं? कवळीवाले तिला रोज सकाळी हाताला धरून उतार उतरत आणि संध्याकाळी हाताला धरून चढ चढत. ब्रेकशिवाय बसायचं कसं? त्यामुळे भरपूर चालणं झालं आणि साखर खाली आली. डॉक्टर म्हणाले, बघा, सायकलचा किती फायदा झाला.

बायको मात्र या विषयावर काही बोलत नसे. ती ड्रायव्हिंग स्कूलमध्ये गाडी शिकवायची. तिच्या पायाशीही एक ब्रेक होता, आणि शिकाऊ माणूस झाडाकडे, भिंतीकडे किंवा परलोकाकडे निघाला की ती तो दाबायची. दिवसभर दुसऱ्यांचे ब्रेक लावून आल्यावर घरी जेवताना पुन्हा ब्रेकच वाढून ठेवलेले. ती ऐकून घेई आणि मीठ पुढे सरकवी.

शेवटी एका सेलमध्ये कवळीवाल्यांनी केबलवाल्या डिस्क ब्रेकची जोडी मागवली. कंपनीचं नाव कोणी ऐकलेलं नव्हतं. मेहुण्याने चार दिवस अबोला धरला. खोकं आलं. सुट्टीच्या सकाळी कवळीवाल्यांनी गॅलरीत सतरंजी घातली, सायकल उलटी केली, खोलीतून आणलेल्या बारीक कानशी आणि पाने ओळीने मांडले. खोक्यातून चकत्या काढल्या. काय चकाकत होत्या! मग एक चकती मागच्या चाकापाशी नेली आणि ती कुठे बसवायची हे ते शोधू लागले.

बराच वेळ शोधत राहिले. चकती ज्या भोकांत बोल्टने आवळतात, ती भोकंच चाकाच्या मध्यभागी नव्हती. पॅड धरणारा चिमटा ज्या जागी बसवतात, ती जागा मागच्या फ्रेमवर नव्हती. तिथे नळी होती, गोल, गुळगुळीत आणि निर्विकार. पुढच्या फोर्कवर चिमट्याला जागा निघाली, पण पुढच्याही चाकाला भोकं नव्हती. ही सायकल रबरी ठोकळ्यांसाठीच जन्माला आली होती. तिला कुणी काही विचारलंच नव्हतं.

मेहुण्याला बोलावणं गेलं. अबोला मोडून तो आला, गुडघ्यावर बसला, फ्रेमवरून बोट फिरवलं आणि म्हणाला, "भावजी, या फ्रेमला डिस्कची सोयच नाही."

"हे तू आधी नाही सांगितलंस."

"तुम्ही ब्रेकबद्दल विचारलंत. फ्रेमबद्दल कुठे विचारलंत?"

इतक्यात बायको सकाळचा क्लास आटोपून आली. उलटी सायकल, तिच्या बाजूला बसलेला नवरा आणि भाऊ, दोघांच्या हातात एकेक चकती, असं ते दृश्य तिने चप्पल काढता काढता पाहिलं. काय झालं ते ऐकलं.

"म्हणजे इतके महिने तुम्ही दोघं ब्रेक निवडत होतात," ती म्हणाली, "ते कुणाच्या सायकलीला?"

यावर दातखीळ बसणं म्हणजे काय ते कवळीवाल्यांना धंद्याबाहेरही कळलं.

दुसऱ्या दिवशी ते दुकानदाराकडे गेले. त्याने सहानुभूतीने मान हलवली आणि नवी फ्रेम, नवी चाकं, नाहीतर सरळ नवी सायकल असे चढत्या क्रमाने उपाय सुचवले. कोटाला शोभेलसं बटण मिळालं म्हणून कोट शिवणारी माणसं जगात असतात, पण कवळीवाले त्यांतले नव्हते. ते दुकानातच बसून राहिले. त्यांना घालवायला दुकानदाराने मागच्या अडगळीतून एक जुनं पुढचं चाक काढलं. त्याला डिस्कची भोकं होती. झालं. पुढे डिस्क, मागे जुना रबरी ठोकळा. अर्धा तर अर्धा. दुसरी चकती खोक्यात परत गेली.

बसवण्याचं काम मात्र त्यांनी असं केलं की खुद्द मेहुणा गप्प झाला. दातावर दात किती टेकतो हे कागदाच्या जाडीने ओळखणारा माणूस तो. चकती आणि पॅड यांच्यात त्यांनी एवढं नेमकं अंतर ठेवलं की चाक फिरताना आवाज नाही, आणि बोट टेकलं की चाक जागच्या जागी.

"मागच्याचं काय?" बायकोने विचारलं.

थांबवायची खरी ताकद पुढच्याच चाकात असते, असं शास्त्र सांगतं, ते म्हणाले. शास्त्र बरोबरच होतं. त्या ताकदीने मग माणसाचं काय होतं, ते सांगणारा व्हिडिओ त्यांनी पुढच्या वेळेसाठी ठेवला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते त्या ट्रेंच्या दिवसानंतर पहिल्यांदाच सायकलवर बसून उतरायला निघाले. वारा कानात शिरला. चढण चढणाऱ्या ओळखीच्या लोकांना त्यांनी मानेने नमस्कार केले, हात हँडलवरून काढायची तयारी नव्हती म्हणून. बेकरीचं वळण दिसलं. त्या वळणावर रोज याच वेळी बायको शिकाऊ मंडळींना चढावर गाडी थांबवून पुन्हा सुरू करायला शिकवते, हे त्यांना ठाऊक होतं. पण ते इतके खुशीत होते की त्यांच्या लक्षात राहिलं नाही. त्या दिवशी शिकायला एक निवृत्त मुख्य लेखापाल होते. आयुष्यभर दुसऱ्यांच्या चुका शोधलेल्या त्या गृहस्थांनी क्लच सोडताना स्वतःची पहिली चूक केली, आणि गाडी गचका खाऊन बंद पडली ती मागे घरंगळत नेमकी रस्त्यात आडवी आली.

बायकोने आपला ब्रेक दाबला. कवळीवाल्यांनी आपला दाबला. गाडी थांबली. सायकलही थांबली, आणि इतकी झटकन की कंपनीला तिचा फोटो खोक्यावर छापता आला असता. थांबले नाहीत ते फक्त कवळीवाले. ते हँडलवरून तसेच पुढे गेले आणि गाडीच्या दाराशी तोंडावर उतरले.

बायको खाली उतरली, पण त्याआधी तिने लेखापालांना हँडब्रेक ओढायला लावला. मग ती नवऱ्यापाशी गेली. त्यांनी हात-पाय हलवून दाखवले. हनुवटी फुटली होती. तळहातावर काहीतरी घेऊन ते निरखत होते. वरचे पुढचे दोन दात. धंद्याच्या सवयीने त्यांनी आधी त्यांचा रंग पाहिला.

"ब्रेक लागला," ते म्हणाले. म्हणजे म्हणायचं होतं तसं. बाहेर आला तो बराचसा वारा.

"दिसलं मला," ती म्हणाली, आणि आपला रुमाल त्यांच्या हनुवटीवर धरला. तेवढा एकच क्षण तिने हसू आवरलं नव्हतं, तर रडू आवरलं होतं.

डॉक्टरीणबाईंनी उरलेली मुळं काढली आणि नेहमीच्या चिठ्ठीवर माप लिहून खाली पाठवलं. त्या चिठ्ठीवर पेशंट म्हणून कवळीवाल्यांना आपलंच नाव वाचायला मिळालं. मग त्यांनी स्वतःसाठी दोन दातांची प्लेट केली. सुरेख केली. तोंडात घातली आणि पहिल्याच तासात त्यांना ती काढून खिडकीबाहेर फेकावीशी वाटली. ती टाळूला टोचत होती. पाणी पिताना हलत होती. आणि 'स' म्हणायला गेलं की शीळ वाजत होती. साखर, सायकल, सासू, सगळंच शिट्टी वाजवत बाहेर येऊ लागलं. मेहुणा भेटायला आला आणि म्हणाला, तेलवाला घेतला असता तर ब्रेक हळुवार लागला असता, भावजी. उत्तरात त्याला जे ऐकवायचं होतं त्यात 'स' फार होते. म्हणून तो वाचला.

आजवर कुणी कवळी टोचते म्हणून तक्रार घेऊन आलं की कवळीवाले प्रेमाने म्हणत, सवय होईल. आता हे वाक्य त्यांना स्वतःलाच म्हणावं लागलं, आणि ते किती हलकट वाक्य आहे हे तेव्हा कळलं. टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेल्या एक बाई होत्या. जन्मभर आवाजावर पोट भरलेल्या. नव्या कवळीने आपल्या बोलण्यात शीळ वाजते म्हणून त्या चार वेळा येऊन गेल्या होत्या, आणि चारही वेळा सवय होईल हे ऐकून परत गेल्या होत्या. त्यांना कवळीवाल्यांनी फोन लावला.

"नमस्कार, सवडीने एकदा कवळी घेऊन या," ते म्हणाले, प्रत्येक 'स' ला शिट्टी मारत.

पलीकडून बाईंनी तितक्याच शिट्टीसह विचारलं, "कोण बोलतंय? आवाज सेम माझ्यासारखा येतोय."

कवळीवाल्यांनी आपली प्लेट तीनदा नव्याने केली. दातांच्या मागची जाडी कुठे किती कमी केली की शीळ थांबते ते त्यांना स्वतःच्या टाळूवर सापडलं. मग त्यांनी बाईंची कवळी केली, आणि तिचे पैसे घेतले नाहीत. बाई आरशासमोर उभ्या राहून जुन्या नोकरीतलं एक लांबलचक वाक्य म्हणाल्या. एकदाही वारा निघाला नाही. त्यांनी ते पुन्हा एकदा म्हटलं, कारण नसताना.

सायकल गॅलरीत उभी होती. आता ती विकावी असं मेहुण्याचं मत होतं, आणि गिऱ्हाईक म्हणून दुकानदाराने तयारीही दाखवली होती. एका सकाळी बायकोने ती जिन्यावरून खाली आणली आणि नवऱ्याला घेऊन ड्रायव्हिंग स्कूलच्या मोकळ्या मैदानावर गेली. लेखापाल आधीच येऊन गाडीत बसले होते. त्यांना तिने थांबायला सांगितलं.

"बसा. सावकाश चालवा. मी सांगेन तेव्हा आधी मागचा, मग पुढचा. पुढच्यावर एकच बोट. आणि अंग मागे."

कवळीवाले निघाले. ती हात वर करी, ते ब्रेक लावत. पहिल्यांदा मागचं चाक घसरलं. दुसऱ्यांदा त्यांनी डोळे मिटून घेतले, त्यावर तिने शिकाऊ मंडळींना कधी ऐकवत नाही ते दोन शब्द ऐकवले. पण थोड्या फेऱ्यांनंतर सायकल तिच्यापासून हातभर अंतरावर अलगद येऊन उभी राहू लागली, आणि कवळीवालेही तिच्यासोबतच थांबू लागले. स्वस्तातला तो बिननावाचा ब्रेक अगदी उत्तम होता. त्याचा कधी काही दोषच नव्हता.

"हे तू मला आधीच शिकवलं असतंस तर?" त्यांनी विचारलं. धाप लागली होती.

"तुम्ही ब्रेक निवडत होता," ती म्हणाली. "मध्येच कशी बोलणार?"

गाडीतून लेखापालांनी हॉर्न वाजवला. त्यांची वेळ सुरू होऊन गेली होती आणि फी त्यांनी भरलेली होती. बायकोने तिकडे पाहिलंही नाही. तिने हात वर केला, आणि कवळीवाले पुन्हा एकदा मैदानाच्या पलीकडच्या टोकाकडे वळले.