वहीच्या पानाएवढं कुरुक्षेत्र

महाभारतातल्या युद्धावर सगळ्यांत कडक टीका कुणी केली असेल, तर ती माझ्या बायकोच्या मामांनी. मामा पलटणीतून सुभेदार होऊन परतले आणि तासगावजवळ द्राक्षांच्या बागेत रमले, पण हुकूम सोडायची सवय गेली नाही. त्यांच्याकडे वेलीसुद्धा रांगेत उभ्या असत आणि एखादी वाकडी वाढली, की तिला ते सगळ्यांदेखत ‘ढिली’ म्हणत. लग्नाच्या पंगतीतही पाणी वाढणारा कुठे उभा आहे हे आधी हेरून मगच ते जिलबीकडे वळत.

मी तेव्हा साताऱ्याकडे एका गावात मास्तर होतो. तिथल्या संग्रहालयात कुरुक्षेत्राचं एक जुनं चित्र होतं, वहीच्या पानाएवढं. त्रेसष्ट साली मी त्यांना ते सहज दाखवलं आणि फसलो. घड्याळजीकडून मागून आणलेलं भिंग आणि एक वही घेऊन ते दर महिन्याला एसटीनं येऊ लागले. हत्ती, घोडे, माणसं मोजून लिहायचे आणि आकडा गेल्या महिन्याएवढाच भरला, की समाधानानं मान हलवायचे.

“एवढी माणसं उन्हात लढत्यात आन् एक पाणक्या न्हाई,” ते म्हणत. “चितारी लढाईवर गेलेला न्हाई, जावईबापू. घोडं बघा, हसतंय.”

पण खरा राग होता तो तीन पिवळ्या अंगरख्यांवरून. वर तंबूपाशी एक तरणा शिपाई कमरबंद बांधत होता, मधे एक घोड्यावरून बाण सोडत होता आणि खाली एक पडला होता. तिघांचं नाक एक, मिशी एक. “सख्खे भाऊ हायत. एका घरातली तिन्ही पोरं एकाच मोर्चावर धाडली. कोण सायेब हाय ह्यांचा?” मग आवाज उतरायचा. “दोन तरी ऱ्हायली म्हणा आईला.”

मामांचा एकुलता एक मुलगा बासष्टच्या लढाईत गेला होता आणि त्याच्याविषयी ते चकार शब्द काढत नसत. म्हणून, मला ठाऊक असूनही, मी दोन वर्षं गप्प राहिलो.

संग्रहालयात नवे व्यवस्थापक आले, भले गृहस्थ. “सुभेदारसाहेब, ते तिघं नाहीत, एकच आहे,” ते उत्साहानं म्हणाले. “जुने चितारी आधीचं, नंतरचं सगळं एकाच कागदावर दाखवत. हा निघाला, लढला आणि...” मला त्यांचा असा राग आला, की सांगता सोय नाही.

मामांनी भिंग खाली घेतलं. “म्हंजी एकुलता व्हता.”

मग त्यांनीच विचारलं, “खाली पडला, तरी वरनं त्याला पुसला न्हाई?”

“नाही,” व्यवस्थापक म्हणाले. “दोन्हीकडे तोच.”

स्टँडवर मामांनी दोन कप चहा घेतला आणि पहिल्यांदाच मुलाचं नाव काढलं. “आमचा बी निघताना पट्टा लय सावकाश बांधायचा. आई वरडायची, गाडी जाईल रं.”

पुढं मामा गेले आणि वही माझ्याकडे आली. व्यवस्थापक बोलले त्या महिन्यापासून तिच्यात हत्ती नाहीत, घोडे नाहीत. दर खेपेला तारीख आणि खाली एवढंच: “तंबूपाशी हजर.”

मीही अधूनमधून जातो. घोडं खरंच हसतंय. वरच्या कोपऱ्यातल्या त्या पोराचा कमरबंद अजून बांधून झालेला नाही आणि तो तसाच राहावा, असं आता मलाही वाटतं.