पहिल्या अंघोळीचं उटणं

माझ्या छातीतली गाठ आईला सापडली ती दिवाळीच्या पहिल्या अंघोळीला. तेव्हा घरात मी मुलगा होते. तिशीला टेकलेला, लग्नाचं नाव काढलं की उठून जाणारा, शिवडीच्या गोदामात मालाची नोंद करणारा एकुलता एक मुलगा. आणि आमच्याकडे मुलगा घोडा झाला तरी नरकचतुर्दशीला त्याला पाटावर बसवून तेल-उटणं आईच लावते. बाबा गेल्यावरही तिने त्यात खंड पडू दिला नाही. वर्षभर तोंडाचा पट्टा चालू असायचा, पण त्या पहाटे तिचा हात असा फिरायचा की वाटायचं, जगात दुसरं कोणी नसलं तरी चालेल. लाडात आली की मालवणीत शिरायची आणि मला ‘झिला’ म्हणायची. झील म्हणजे मुलगा. तेवढा एक शब्द सोडला तर मला त्या अंघोळीतलं सगळं आवडायचं.

गोळ्या सुरू करून तीन-चार महिने झाले होते. घरी कोणाला पत्ता नव्हता. दादरच्या डॉक्टरबाई म्हणाल्या होत्या, छातीत थोडं दुखेल. थोडं कसलं, डोंबलाचं. शर्टाची शिवण घासली तरी जीव कळवळायचा. पालथं झोपणं बंद झालं. गोदामात एकदा खोक्याचा कोपरा लागला तर मी तिथेच खाली बसले, आणि हमाल म्हणाले, साहेबांना चहा पाजा रे. एरवी मी एका दमात उचलायचे ती खोकी आता गुडघ्यावर टेकवून घ्यावी लागत होती. त्यात एक गोळी अशी की सारखी तहान लावायची आणि सारखं संडासला पाठवायची. चाळीतला संडास गॅलरीच्या टोकाला. तिथे जायचं म्हणजे सगळ्यांच्या दारांसमोरून वरात. शेजारच्या काकूंनी लगेच निदान करून टाकलं, साखर तपासून घे रे बाबा, तुझ्या वडिलांनाही होती.

रडू तर कशानेही यायचं. नळाचं पाणी लवकर गेलं, आलं रडू. काळाचौकीच्या नाक्यावर कुत्र्याच्या पायावरून टॅक्सी गेल्यासारखी वाटली, गेली नव्हती, तरी आलं रडू. आधी कित्येक वर्षं मला रडताच येत नव्हतं, बाबा गेले तेव्हासुद्धा नाही, त्यामुळे हे रडू मला आवडायचं. अंगाचा वास बदलला होता. गालावरून हात फिरवला की तो आपलाच गाल आहे हे पटायला वेळ लागायचा, आणि पटलं की मी खुळ्यासारखी हसायचे. मला हे सगळं हवं होतं. आणि आईही हवी होती. दोन्ही हवं, एकही सोडायचं नाही, असला माझा हावरटपणा.

तर पहाटे पाटावर बसले होते. तेलाचा हात डोक्यावरून पाठीवर, पाठीवरून गळ्यावर आला आणि छातीवर जोरात फिरला. मी ओरडले. आई दचकली, मग तिने दोन बोटांनी पुन्हा दाबून पाहिलं. स्तनाग्राच्या मागे चिंचोक्याएवढं काहीतरी कडक. तिने दुसरी बाजू पाहिली. तिथेही तेच. माझी मावशी, तिची सख्खी बहीण, अशीच गेली होती. तिची गाठही आईच्याच हाताला पहिल्यांदा लागली होती. परळच्या इस्पितळात तिचं हगणं-मुतणं आईने केलं होतं. आई मोरीच्या कठड्यावर बसली आणि तेलकट हातांनीच तोंड झाकून रडायला लागली. मी बोलायला गेले तर तिने माझ्या तोंडावर हात ठेवला, सणाच्या दिवशी अभद्र बोलू नको म्हणाली. पायाखाली फोडायचं कारीट तसंच दारात पडून राहिलं.

फराळाच्या ताटांबरोबर बातमी चाळभर फिरली. गिरणगावात बातमीला पाय लागत नाहीत, ती गॅलरीतल्या दोरीवरच्या कपड्यांबरोबर वाळत घातलेली असते.

भाऊबीज झाली आणि आई मला परळला घेऊन गेली. इस्पितळाच्या बाहेर फुटपाथवर बाहेरगावचे लोक चटया टाकून बसले होते. आमच्या शेजारीच डोक्याला रुमाल बांधलेली एक बाई भिंतीला टेकून डोळे मिटून होती. आई तिच्याकडे बघत नव्हती, माझा दंड मात्र घट्ट धरून होती. एवढ्या खऱ्या आजारी माणसांच्या रांगेत आपण खोटे उभे आहोत याची मला इतकी लाज वाटली की मी तिथेच सांगून टाकलं.

“आई, ही गाठ नाही. मी गोळ्या घेतो, त्याने येतंय हे. मला बाई म्हणून जगायचंय. मी बाईच आहे.”

तिने दंड सोडला. कॅन्सर नाही ना, एवढंच विचारलं. नाही म्हटलं. मला वाटलं, आता रडेल, मारेल, निदान सुटकेचा श्वास तरी सोडेल. तिने पहिल्यांदाच त्या रुमालवाल्या बाईकडे पाहिलं.

“गाठ असती,” ती म्हणाली, “तर चार माणसांत सांगता तरी आलं असतं.”

आम्ही चालत लालबागला आलो. वाटेत तिने बांगडे घेतले, कोळणीशी नेहमीसारखी घासाघीस केली, वर एक जास्तीचा टाकून घेतला. जिन्यात काकू उभ्याच होत्या. काय म्हणाले डॉक्टर, त्यांनी विचारलं. मी तोंड उघडणार तोच आई म्हणाली, सुरुवातीलाच सापडलंय, गोळ्या चालू केल्यात. पापणीसुद्धा हलली नाही बाईची.

त्या थंडीत मी आमच्या चाळीची लाडकी पेशंट झाले. लोक शहाळी आणायचे. डॉक्टरबाईंनी त्या तहानेच्या गोळीमुळे शहाळं जपून प्या म्हणून सांगितलेलं, आणि इथे दाराशी शहाळ्यांचा ढीग. कोणी अंगारा आणला, कोणी पपईच्या पानांचा रस. मंडळाच्या पोरांनी बाप्पाला नवस बोलला. आणि माणसांसमोर आई मला गोळी द्यायची. पाण्याचा ग्लास, गोळीची पट्टी, घेतलीस का रे वेळेवर, असा काळजीचा सूर. जी गोळी मी महिनोन्महिने बुटांच्या खोक्यात लपवली ती माझी आई चार बायकांच्या देखत माझ्या हातावर ठेवत होती. लोक गेले की ग्लास आदळायची. माझे कपडे काठीने उचलून वेगळ्या बादलीत टाकायची. जेवताना ताट माझ्याकडे सरकवायची, हातात द्यायची नाही.

केस वाढायला लागले तर काकू म्हणाल्या, बाकीच्यांचे औषधाने जातात, ह्याचे बघा कसे दाट झाले, औषध मानवलं. कातडी नितळ झाली तर म्हणाल्या, तोंडावर तेज आलं. मला हसू यायचं आणि हसता हसता रडूच यायचं. एकदा पाहुणे असतानाच माझा बांध फुटला, कशावरून ते आठवतही नाही. पाहुण्या बायकांनी पदर डोळ्यांना लावले. आई माझ्या बाजूला येऊन बसली, पाठीवर हात ठेवल्यासारखा केला आणि कानाशी हळूच म्हणाली, रड, असंच रड, बरं दिसतं. त्या हातासाठी मी आणखी थोडी रडले. खोटं कशाला सांगू, किती दिवसांनी लागला होता तो हात.

शिमग्यापर्यंत शर्टातून दिसायला लागलं. आईने आधी दोन बनियन घालायला लावले, मग एक दिवस सांगितलं की मी आता निघावं. चाळीत तिने सांगितलं, गावची हवा मानवेल, तिथे एक वैद्य आहे. निघताना सगळी गॅलरी कठड्याशी उभी. तळमजल्यावरचे आजोबा खाली आले, बरा होऊन ये रे म्हणाले आणि माझ्या खिशात प्रसादाचा नारळाचा तुकडा घातला. आई टॅक्सीपर्यंत आली. परत कधी येऊ विचारलं तर म्हणाली, मी सांगेन.

टॅक्सी कोकणात कशाला जाते. ती रे रोडला थांबली. लाकडाच्या वखारींच्या मागे मला एक पोटमाळा मिळाला होता. उभं राहिलं की डोकं पत्र्याला लागायचं, अंगाला दिवसभर करवतीच्या भुशाचा वास. गोदामातलं काम सुटलं, मग घरबसल्या बिलं टाइप करायचं काम धरलं. शर्ट सोडून कुडता आला, कुडत्यावर ओढणी आली. भाजीवाला ताई म्हणायला लागला. आनंद व्हायचा तेव्हा पहिल्यांदा वाटायचं, आईला फोन करावा. ती उचलायची, बरी आहे म्हणायची, ठेवून द्यायची. श्रावणात तिने उचलणंही बंद केलं. मला वाटलं, राग आहे, दिवाळीपर्यंत उतरेल. दिवाळीला कोणी राग धरतं का?

मी लालबागच्या बाजारातून उटण्याचं पाकीट घेतलं, तेलाची छोटी बाटली घेतली. मनात एकच होतं, तिने मला पाटावर बसवावं. झिला म्हणाली तरी चालेल, म्हटलं. पहाटे साधा निळा पंजाबी ड्रेस घालून चाळीत शिरले. दारोदार कंदील लागले होते. आमच्या दारावर कंदील नव्हता. रांगोळीही नव्हती. आई आजारी असेल या भीतीने मी जिना धावत चढले.

वरच्या पायरीवर काकू भेटल्या. हातात फराळाचं ताट, वर क्रोशाचा रुमाल. आमच्या दाराकडेच निघाल्या होत्या. त्यांनी माझ्याकडे निरखून पाहिलं. मी ओढणी सारखी केली.

“तू हिच्या बहिणीची मुलगी काय गो? तोंडावळा तोच आहे.”

मी मान हलवली. लाज वाटते सांगायला, पण आधी मला आनंदच झाला. मला बाळपणापासून बघितलेल्या बाईने मला गो म्हटलं होतं. मग काकूंनी माझा हात धरला, बरं झालं आलीस म्हणाल्या. श्रावणात गावीच गेला बिचारा, आम्हाला शेवटचं तोंडही बघायला मिळालं नाही. खूप सोसलं हो त्याने, सुटला. आता घरात माणूस गेल्यावर वर्षभर सण कुठला, म्हणून आम्हीच आळीपाळीने फराळ देतो तिला, पण ती खातच नाही, तू तरी बघ. असं सगळं बोलून त्यांनी ताट माझ्या हातात दिलं. मी ते धरलं. आमच्यात मयताच्या घरी शेजाऱ्यांनी फराळ द्यायचा असतो हे मला ठाऊक होतं. लहानपणी मीच कितीदा पोचवला होता.

आईने दार उघडलं. बारीक झाली होती. तिने माझ्याकडे बघितलं, मग माझ्या मागे उभ्या काकूंकडे.

“हो,” ती काकूंना म्हणाली. “बहिणीची.”

मी आत गेले. देवघराच्या बाजूच्या भिंतीवर माझा फोटो होता. गोदामाच्या ओळखपत्रावरचा, मिशीवाला, मोठा करून घेतलेला. चंदनाचा हार घातलेला. काकू उंबऱ्यातच थांबल्या होत्या. आई ताट घ्यायला वाकली आणि ओठ न हलवता म्हणाली, पाया पड, ती बघता हा.

मी पडले. फोटोच्या खाली डोकं टेकवलं. मागे काकूंनी नाक ओढल्याचा आवाज आला, मग त्यांची पावलं गॅलरीतून लांब गेली. आईने दार लावून घेतलं, कडी घातली.

आता आम्ही दोघीच. मी पिशवीतून पाकीट काढलं, बाटली काढली. मोरीच्या बाजूला पाट भिंतीला उभा लावलेला होता, तो मी आडवा केला. म्हटलं, आई, आता कोणी नाही बघायला. कपाळाला लाव नुसतं. एक बोट लाव.

तिने पाट उचलून पुन्हा भिंतीला लावला. पाकीट आणि बाटली माझ्या पिशवीत परत घातली, वर कागदात बांधून दोन चकल्या ठेवल्या, पाहुण्याला रिकाम्या हाताने पाठवत नाहीत म्हणून. मग फोटोचा हार सरळ केला.

“ह्या घरात यंदा उटणा नाय,” ती मला म्हणाली. “झील गेलो माझो.”