घरी शैक्षणिक वातावरण नाही

माझ्या घरी शैक्षणिक वातावरण नाही, असं मी वरच्या कचेरीला लेखी कळवलेलं आहे. माझ्याच अक्षरात, खाली माझीच सही. मी हायस्कूलात मास्तर आहे, बायको सुलभा एम.ए. आहे आणि घरात पुस्तकांची दोन कपाटं आहेत, ही गोष्ट वेगळी.

झालं असं, मिरजगावपासून आत असलेल्या आमच्या सरकारी हायस्कूलात आठवीचा पट बरोब्बर काठावर आला. सप्टेंबरअखेर पट मोजतात. एक पोरगं जरी कमी भरलं तरी एक शिक्षक ‘अतिरिक्त’ ठरतो आणि जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला जातो. स्टाफमध्ये सगळ्यांत कनिष्ठ मीच. त्यामुळे तो एक शिक्षक कोण, याची कुणी चर्चाही करेना. सगळे नुसते माझ्याकडे बघून चहा प्यायचे! मला एका जागी बसवेना. तास सुरू असताना दोनदा पोरं मोजायचो, मधल्या सुट्टीत पुन्हा मोजायचो. (पोरांना वाटलं, सहल जाणार आहे.)

आणि अशातच बातमी आली की वर्गातली सगळ्यांत हुशार मुलगी रूपाली हायवेवरच्या इंग्रजी शाळेत चाललीय. बाप टेम्पो चालवतो, आई पार्वताबाई दूध घालते. मी सकाळी साडेसातला त्यांच्या गोठ्यात हजर!

“मावशी, रूपालीला नेऊ नका. आपल्या शाळेसारखी शाळा नाही. मी स्वतः सांगतो.”

“व्हय?” पार्वताबाई धार काढता काढता म्हणाल्या.

“इंग्रजी शाळेत काय ठेवलंय? नुसता बूट आणि टाय!”

तेवढ्यात वळणावर पिवळी बस थांबली. खिडकीतून एक टाय बाहेर आला, मागोमाग आमच्या ओवीचं डोकं. “बाबाऽ! माझा डबा घरी राहिला! आणून द्या ना!”

बस गेली. म्हैससुद्धा माझ्याकडेच बघत होती.

“गुरुजी, ही तुमचीच पोरगी न्हवं?”

“हो.”

“मंग ती कुटं चालली?”

मी चपला शोधू लागलो. त्या पायातच होत्या.

“लई सोपं हाय, गुरुजी,” पार्वताबाई बादली उचलत म्हणाल्या. “तुमची तुमच्या शाळंत बसली, तर माझीबी बसंल. तुमची बसमधी, तर माझीबी बसमधी.”

घरी येऊन सुलभाला सगळं सांगितलं. ती भाजी चिरत होती. सुरीचा वेग वाढला.

“अहो, तुमची बदली टळावी म्हणून पोरीची शाळा बदलायची?”

“शाळा चांगली आहे गं!”

“मग इतकी वर्षं का नाही घातलीत?”

(मी घाईघाईनं कोथिंबीर निवडायला घेतली.) शेवटी ओवीच म्हणाली, “मी जाते. तिथे टाय नाही ना?” सुलभानं मात्र अट घातली. “पहिली घटक चाचणी होऊ दे. मागे पडली, तर परत बसमध्ये!”

म्हणजे माझी सगळी नोकरी आता आठवीतल्या एका मुलीच्या मराठी गणितावर टांगलेली! पहिल्याच दिवशी भर वर्गात तिनं विचारलं, “बाबा, एकोणऐंशी म्हणजे किती?” वर्गात हशा पिकला. रूपालीनं तिच्या वहीच्या कोपऱ्यात आकडा लिहून दिला. मी फळ्याकडे तोंड करून उगाच तारीख पुसली आणि परत लिहिली.

चाचणी झाली. रूपाली पहिली. ओवी शेवटची, आणि तीही निर्विवाद.

वरच्या कचेरीला पाठवायचा निकालाचा तक्ता भरायचा होता. नाव, पालकाचा व्यवसाय, गुण, आणि शेवटच्या नंबराच्या पोरापुढे ‘मागे पडण्याचे कारण’. इकडे सुलभाला निकाल कसा सांगायचा याची वाक्यं मी मनात जुळवतोय, तिकडे मुख्याध्यापिका मॅडम दारात उभ्या: “सर, तक्ता!” त्या रकान्यात मी वर्षानुवर्षं एकच वाक्य लिहीत आलोय. कुणाचा बाप ऊस तोडतो, कुणाची आई वीटभट्टीवर जाते, वाक्य तेच. हात आपोआप चालला.

पालकसभेत मॅडमनी तक्ता मोठ्यानं वाचला. “कुमारी ओवी. पालकाचा व्यवसाय, शिक्षक. कारण...” त्या थबकल्या. “घरी शैक्षणिक वातावरण नाही.”

पहिल्यांदा हसल्या त्या पार्वताबाई. मग सगळी सभा हसली. तिसऱ्या रांगेतली सुलभा तेवढी हसली नाही. मला खरंच लाज वाटली. इतक्या घरांबद्दल हे वाक्य लिहिलं, पण त्यातल्या एकाही घरात डोकावलो नव्हतो.

नियम असा की अशा मुलाच्या घरी वर्गशिक्षकानं भेट द्यायची, पालकाचा अभिप्राय घ्यायचा आणि फोटो पाठवायचा. मॅडम म्हणाल्या, “नियम म्हणजे नियम, सर.” त्या संध्याकाळी मी फॉर्म घेऊन स्वतःच्याच दाराची कडी वाजवली.

“कोण?”

“मी.”

“मी कोण?”

“... वर्गशिक्षक.”

सुलभानं दार उघडलं. “या, बसा. मुलीचे वडील तुम्हाला भेटायचे नाहीत. ते असतात इथेच, पण येरझाऱ्या घालत पट मोजत असतात. पोरीचं पुस्तक काही त्यांनी उघडलेलं नाही.”

मी सोफ्याच्या अगदी कडेला बसलो. सुलभानं फॉर्म घेतला आणि लिहीत सुटली. मी मनात बॅग भरायला घेतली. आतल्या खोलीतून आवाज येत होता, “एकोणसत्तर, सत्तर... आता तू म्हन.” रूपाली! ती रोज येत होती म्हणे. मला पत्ताच नव्हता!

फोटो रूपालीनंच काढला. त्यात पालक हसतायत आणि शिक्षक घाबरलेले आहेत. मग मी अभिप्राय वाचला: ‘शाळा चांगली आहे. मुलीला मैत्रीण मिळाली आहे. ती इथेच शिकेल. वातावरणाचे म्हणाल, तर गुरुजी स्वतः रोज एक तास शिकवतील, असे त्यांच्या वतीने मी कबूल करते.’

पट भरला. माझी जागा वाचली. पण ओवी वर येईपर्यंत दर पंधरा दिवसांनी गृहभेट बंधनकारक आहे. त्यामुळे अजूनही एक शनिवार सोडून दुसऱ्या शनिवारी मी माझ्याच घराची कडी वाजवतो, आणि पालक घरी आहेत का, असं विचारूनच आत जातो!