जिथे वाईट बोललो तिथेच

थंडीतल्या सकाळी आमच्या खुर्सीपार वस्तीकडून कारखान्याकडे सायकलींची रांग धुक्यातून जायची. पुढचा माणूस दिसायचा नाही, नुसतं बोलणं ऐकू यायचं. त्या धुक्यात मी माझ्या वरच्या माणसाची, आमच्या पाळीच्या चार्जमनची, बदनामी केली.

त्याने माझ्यावर अन्याय केला होता, हे खरं. मोटर जळली आधीच्या पाळीत, पण लॉगबुकात त्याने माझं नाव लिहिलं. साहेबांकडे जायची माझी हिंमत नव्हती. मग मी सायकलीवर, कँटीनमध्ये, हुडको वसाहतीतल्या पानठेल्यावर बोलत सुटलो. लॉगबुकावरून सुरू व्हायचो आणि त्याच्या घरातल्या एका दुःखावर येऊन थांबायचो. ते दुःख इथे लिहीत नाही.

आमच्याकडे क्रेन चालवणारे चाचा मूळचे कामठीचे. डबा खाताना एकदा म्हणाले, "तुयावर जुलूम झाला, तं साहेबाले सांग. थे आमच्यात मना नाही. पण त्याच्या घरचं कावून सांगून राहिला?"

"खरंच तं आहे, चाचा."

"खरं आहे म्हणूनच गीबत झाली, माघारी केलेली निंदा. खोटं असतं तं तोहमत झाली असती, थे याच्याहून वाईट."

मी चार्जमनची माफी मागायला निघालो. चाचांनी अडवलं.

"त्याले माहीत नाही नं? मंग सांगून त्याचं काळीज कावून जाळतो? आमचे काही मौलवी म्हणतात, माफी मागाच. काही म्हणतात, त्याच्यासाठी दुआ कर, अन जिथं वाईट बोलला तिथंच चांगलं बोल. पण खरं बोलजो."

खरं आणि चांगलं शोधायला मला आठवडा लागला. चालत्या मोटरवर पेचकस, म्हणजे स्क्रूड्रायव्हर, टेकवायचा, मूठ कानाला लावायची, डोळे मिटायचे आणि आतलं बेअरिंग ऐकायचं, हे मला त्यानेच शिकवलं होतं.

मी साहेबांकडे गेलो. नोंद दुरुस्त झाली. मग कँटीनमध्ये पेचकसाचं सांगितलं.

"काय बे, प्रमोशन पायजे का?" कोणीतरी म्हणालं. सगळे हसले. पानठेल्यावरही सांगितलं.

धुक्यातलं मात्र राहिलं. तिथे कोण कोण ऐकत होतं, मला दिसलंच नव्हतं.

अजून ती रांग स्वप्नात येते. मी पॅडल मारत मागच्यापुढच्या घंट्यांना पेचकसाची गोष्ट सांगतो. नुसत्या घंटा वाजत राहतात. जाग आल्यावर मी चार्जमनसाठी हात जोडतो.