कुत्रा का बसला

तर धुकं इतकं दाट, की मुक्यांना आपल्याच कुत्र्याचं शेपूट दिसेना, इथवर काल सांगून झालं. मुके म्हणजे आमचे शेजारी, पोलिसांतले श्वानहवालदार. जिभेला कुलूप. बोलायचं ते कुत्र्याशी, तेही खुणेनं. अमली माल हुंगला की कुत्रा खाली बसायचा. नऊ वर्षं त्याचं बसणं म्हणजे काळ्या दगडावरची रेघ.

नाक्यावर एका नर्सबाईंची गाडी अडवलेली. मागचा दिवा बंद, म्हणून पावतीही फाडून झालेली. बाई म्हणाल्या, "पावती झाली ना? मग निघते मी. डिकी उघडायला माझी संमती नाही."

नाक्यावरचे फौजदारसाहेब हसले. "संमती कुत्रा देईल, ताई. मुके, फिरवा तुमच्या जावईबापूंना."

कुत्रा गाडीभोवती फिरला. काही नाही. पुन्हा फिरला. काही नाही. साहेबांनी मुक्यांकडे नुसतं पाहिलं. तिसऱ्या फेरीला डिकीपाशी कुत्रा थबकला. त्यानं डिकीकडे नाही, मुक्यांच्या तोंडाकडे पाहिलं. आणि बसला.

डिकीत निघाली एक ओली छत्री. बाईंनी थेट कोर्टात दाद मागितली.

मुक्यांची अन्नावरची वासना उडाली. एका दुपारी मी कुंपणावरून पाहतो तर ते कुत्र्याला घेऊन कोऱ्या भिंतीसमोर उभे. त्यांनी श्वास रोखला. कुत्रा बसला. रिकाम्या बादलीपाशी रोखला. बसला. मग ते माझ्याकडे वळले, आणि त्यांची छाती हलायची थांबली. कुत्रा सावकाश चालत कुंपणापर्यंत आला, माझ्यासमोर बसला आणि वर पाहत राहिला. माझ्या खिशात फक्त चष्म्याचं घर होतं, तरी मी चाचपून पाहिलं बरं का.

"मुके, आता काय हो?"

ते कुत्र्याच्या कानामागे खाजवत राहिले. साक्षीत खरं बोलावं तर नोकरी जाणार, कुत्राही जाणार. खोटं बोलावं तर बाई खोट्या ठरणार. आतून वहिनी म्हणाल्या, "गप्प बसणं तर तुम्हाला जन्मजात येतं. एवढ्या वेळी बसा की."

सुनावणीला मी मागच्या बाकावर होतो. न्यायाधीशांनी विचारलं, "हवालदार, कुत्र्याला वास आला होता का?"

मुके उठून उभे राहिले. मग म्हणाले, "नाही, साहेब. आता सापडणार असं मला वाटलं, माझा श्वास अडकला, म्हणून तो बसला. नऊ वर्षांत असं किती वेळा झालं, ते मला सांगता येत नाही."